ताक ‘कळकतं’ म्हणजे काय? आंबवलेली पेयं आणि पितळी तोटीचा धोका

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक राहिलं की ते ‘कळकतं’, हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. चव बिघडते, हिरवट झाक येते आणि प्यायलं तर मळमळतं. आता पितळी पातेली माळ्यावर गेली आहेत. पण कांजी, कोम्बुचा किंवा घरच्या व्हिनेगरसाठी घेतलेल्या काचेच्या बरणीला खाली एक चकचकीत तोटी असते. वरून स्टीलसारखी दिसणारी ही तोटी आतून पितळेची असू शकते.

कळकण्यामागचं कारण

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थातलं आम्ल हे धातू हळूहळू विरघळवतं. पदार्थ किती आंबट, हे ‘सामू’वरून कळतं. सामू ७ म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी. आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. ताकाचा सामू साधारण ४.५ असतो, कोम्बुचाचा ३ च्या आसपास, तर व्हिनेगरचा त्याहूनही कमी. विरघळलेलं तांबं जास्त प्रमाणात पोटात गेलं की मळमळ, उलट्या आणि पोटात कळा येतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे कल्हई, अर्थात भांड्याला आतून कथलाचा थर. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या धंद्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही सापडते. अशी भांडी वापरायची, तर कल्हई ठरावीक काळाने पुन्हा करून घ्यावी लागे. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांनीही (२०११) नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्न साठवण्यासाठी अयोग्य ठरवली आहेत.

भांड्याला कल्हई होते. तोटीच्या आतल्या बारीक भागाला ती कोण करणार?

शिसं कुठून येतं?

तोटी, व्हॉल्व्ह, नट यांना आटे पाडणं सोपं जावं म्हणून पितळेत अनेकदा २ ते ३ टक्के शिसं मिसळतात. तांबं चवीतून स्वतःची चाहूल देतं, शिसं देत नाही. ते शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. म्हणूनच पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने शिशाची मर्यादा लिटरला केवळ ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे.

इंग्लंडच्या डेव्हन भागात सफरचंदाची सायडर पिणाऱ्यांना पोटशूळ आणि हातापायांचा लुळेपणा येत असे. सायडर गाळण्याच्या यंत्रांतलं शिसं त्याला कारणीभूत असल्याचं डॉ. जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये मांडलं.

मग बीअर तांब्याच्या भांड्यात कशी बनते?

अमेरिकेच्या ‘फूड कोड’नुसार सामू ६ पेक्षा कमी असलेल्या पदार्थांना तांबं किंवा पितळ लागू देता येत नाही. बीअर बनवताना मात्र आंबवण्यापूर्वी आणि आंबवताना सूट आहे. त्या टप्प्यावर यीस्ट बरंचसं तांबं शोषून तळाशी बसतं. तयार बीअरमध्ये यीस्ट फारसं उरत नाही, त्यामुळे ही सूट साठवणुकीला नाही.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर, वाइन किंवा दारू बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलमध्ये बनावट दारूने अनेकांचा बळी घेतला. तशा विषारी दारूचा परिणाम काही तासांत दिसतो. तोटीतलं शिसं मात्र महिनोन्‌महिने गुपचूप शरीरात जात राहतं.

तोटी घेताना काय पाहाल?

* लोहचुंबकावर विसंबू नका. पितळेला चुंबक चिकटत नाही आणि चांगल्या ३०४ स्टीललाही सहसा चिकटत नाही.
* आटे पाहा. तोटी काढून आतली बाजू आणि आटे तपासा. पिवळी झाक दिसली तर ते मुलामा दिलेलं पितळ आहे.
* जस्ताचा मुलामा टाळा. पाण्याच्या जीआय पाइपचे जोड आंबट पेयाला वापरू नका. आम्लात जस्त लवकर विरघळतं.
* डाख दिलेले जोड टाळा. जुन्या डाखात शिसं असू शकतं.
* ॲल्युमिनियमही नको. आम्लाने त्याला खड्डे पडतात.
* काय चालेल? ३०४ स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिक तोटी. कांजीसारख्या खारट पेयाला ३१६ स्टील अधिक टिकाऊ.

पितळी तोटी व्हिनेगरमध्ये भिजवून ‘शुद्ध’ करण्याचे व्हिडिओही दिसतात. त्याने फार तर पृष्ठभागावरचं शिसं निघतं. झीज झाली की आतलं शिसं पुन्हा उघडं पडतं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बिनतोटीची काचेची बरणी आणि स्टीलचा डाव.