ओट्याची उंची कोणी ठरवली?

यंदा घराची दुरुस्ती काढली. भिंतींना ओल आली होती आणि स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा मधोमध चिरला होता. मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, आता ठिगळं नकोत. मॉड्युलर किचनच करून टाकू.’’ म्हणून एका रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. तिथल्या तरुणानं संगणकावर आमचं स्वयंपाकघर उभं केलं आणि मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ओटा एका भिंतीला की दोन भिंतींना? कपाटांना सनमायका की चकचकीत रंग? चिमणी किती ताकदीची? भांडी धुण्याचं यंत्र घ्यायचं का? मी भराभर उत्तरं देत गेलो. मला चहापलीकडे काही करता येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मीही विसरलो होतो.

शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, ‘‘भाऊ, ओट्याची उंची किती?’’

‘‘चौतीस इंच, काकू. स्टँडर्ड आहे.’’

ती गप्प बसली. मला मात्र तो ‘स्टँडर्ड’ शब्द घरी आल्यावरही सोडेना. कोणाच्या मापाचं स्टँडर्ड? ते कोणी ठरवलं? शोधायला बसलो, तेव्हा हाती आलेली गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते.

गोष्ट अमेरिकेत सुरू होते. 1869 साली कॅथरीन बीचर या बाईंनी आपली बहीण हॅरिएट बीचर स्टो यांच्यासह गृहव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिलं. हॅरिएट म्हणजे ‘अंकल टॉम्स केबिन’च्या लेखिका. कॅथरीनबाईंनी दाखला दिला तो जहाजावरच्या स्वयंपाकघराचा. तिथला आचारी एवढ्याशा जागेत कितीतरी माणसांचं जेवण रांधतो, कारण प्रत्येक वस्तू त्याच्या हाताशी असते. मग घरातल्या बाईनंच मोठ्या खोलीत दिवसभर का भटकावं? पुढे कारखान्यांत फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्रीय व्यवस्थापन आलं. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजायची. ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी तेच घड्याळ घरात आणलं. 1913 सालच्या त्यांच्या पुस्तकात स्वयंपाकघराचे दोन नकाशे आहेत. एकात बाईच्या येरझाऱ्यांच्या रेषांचा गुंता आहे, दुसऱ्यात त्याच रेषा सरळ आणि थोड्या आहेत. सामान तेच, फक्त जागा बदललेल्या.

या पुस्तकाचा जर्मन अनुवाद व्हिएन्नाच्या एका तरुण वास्तुरचनाकार स्त्रीच्या हाती पडला. तिचं नाव मार्गारेटे लिहोत्स्की. जन्म 1897 चा. ऑस्ट्रियात वास्तुकलेचं शिक्षण घेतलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भीषण टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराच्या बांधकामाची सूत्रं एर्न्स्ट माय यांच्याकडे होती. कामगारांसाठी हजारो स्वस्त घरं उभारायची त्यांची योजना होती. स्वयंपाकघराचं काम त्यांनी लिहोत्स्कीकडे दिलं.

1926 साली तिनं जे स्वयंपाकघर आखलं, ते आजच्या प्रत्येक मॉड्युलर किचनची आजी म्हणावं असं आहे. सुमारे साडेतीन मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद. आगगाडीच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे होतं. भिंतीत बसवलेली कपाटं, तांदूळ, साखर अशी नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे खण, घडी घालून भिंतीला टेकवता येणारी इस्त्रीची फळी. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कारण त्यात पिठाला कीड लागत नाही असं मानत. लाकूडकामाला निळसर हिरवा रंग, त्यावर माश्या बसत नाहीत या समजुतीनं. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे खिडकीखाली कामाचं मेज आणि त्यापुढे फिरतं स्टूल. भाजी बसून चिरावी, उगाच उभं राहू नये, हा विचार त्यात होता.

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. त्यांचा खर्च घराच्या भाड्यातच धरलेला होता, म्हणजे कामगाराच्या बायकोलाही तो आराम मिळाला.

पण त्यात एक गोम होती. त्या खोलीत एकच माणूस मावत असे. नवरा, मुलं दाराबाहेर आणि बाई आत. वाचलेल्या वेळात तिनं नोकरी करावी, वाचावं, हा लिहोत्स्कीचा हेतू होता. पण पुढे 1970 च्या दशकात स्त्रीवाद्यांनी नेमका आक्षेप घेतला की, ही खोली बाईला एकटं पाडते आणि स्वयंपाक फक्त तिचाच ठरवते. आणखी एक गंमत अशी की, हे स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता, असं खुद्द लिहोत्स्कीनं म्हातारपणी सांगितलं. तिनं मोजमाप फार प्रामाणिकपणे केलं, पण ते मोजमाप होतं.

बाई मोठ्या जिद्दीची. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात ती उतरली, 1941 साली व्हिएन्नात पकडली गेली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि 1945 साली तुरुंगातून सुटली. 2000 साली, एकशेतिसऱ्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना ती वारली. जगानं तिला स्वयंपाकघरापुरतंच लक्षात ठेवलं, याचा तिला कंटाळा येत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात मापं पक्की झाली. स्वीडनमध्ये 1944 साली घरकामाच्या अभ्यासासाठी खास संस्थाच निघाली. साठ सेंटिमीटरचं कपाट, त्याच मापाची शेगडी, त्याच मापाचं यंत्र. कारखान्याला एकच माप सोयीचं असतं. दुकानातल्या त्या तरुणाचं ‘स्टँडर्ड’ या वाटेनं आलेलं आहे.

आणि आपल्याकडे? माझं लहानपण सोलापूरकडच्या खेड्यातलं. अम्मी चुलीपुढे पाटावर बसायची. समोर काठवट, डाव्या हाताला पिठाचा डबा, उजवीकडे फुंकणी, चुलीवर तवा, वैलावर कालवण. हात लांबवला की सगळं सापडायचं. फ्रेडरिकबाईंनी अम्मीची पावलं मोजली असती, तर ती शून्य भरली असती. पण विहिरीवरून पाणी आणण्याची आणि सरपणाची पावलं त्या नकाशात आली नसती. डोळ्यांत जाणारा धूरही आला नसता.

आपल्या बायका उभ्या राहिल्या त्या गॅसमुळे. 1955 साली मुंबईत बर्मा-शेल कंपनीचा ‘बर्शेन’ गॅस सिलिंडरमधून घरात आला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, हा सुरक्षेचा नियम. मग ओटा आला, त्यावर कडप्पा आला. प्रेशर कुकर, फ्रिज, मिक्सर मागोमाग आले. धूर गेला, ही फार मोठी गोष्ट झाली, त्यात शंका नाही. खेड्यातल्या लाखो घरांत तर ती 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर पोहोचली. पण ओट्याची उंची गवंड्यानं ठरवली आणि गवंड्यानं ती आपल्या कमरेला लावून पाहिली.

1996 साली मी शहरात हे घर घेतलं, तेव्हा अम्मीला मोठ्या अभिमानानं उभा ओटा दाखवला होता. दुसऱ्याच दिवशी तिनं गावाकडून आणलेला पाट ओट्यापाशी ठेवला आणि त्यावर चढून भाकरी थापू लागली. मला वाटलं, जुन्या वळणाची बाई, पाट सुटत नाही. मी हसलोही होतो. अम्मी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

परवा ओटा फोडायला माणसं आली, तेव्हा खालून तो पाट निघाला. मधोमध झिजलेला. मी म्हटलं, ‘‘अम्मीचा पाट अजून इथंच?’’ आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो, पण सौभाग्यवतींचं उत्तर तुम्हांला मराठीतच सांगतो. ती म्हणाली, ‘‘अम्मीचा कसला! त्यांच्यामागं मी उभी राहतेय त्याच्यावर. माझी उंची काय त्यांच्यापेक्षा जास्त आहे?’’

इतकी वर्षं मी त्याच खोलीत चहा प्यायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी बोलली ती, मी वही धरली. तिला सरळ उभं करून, कोपरात हात वाकवून, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं. भाकरी थापायला वरून जोर लागतो, म्हणून ओटा कोपराच्या बराच खाली हवा. माप एकोणतीस इंच आलं. खिडकीखाली त्याहून ठेंगणी फळी आणि स्टूल ठरलं. भांडी धुण्याचं यंत्र तिनं नको म्हटलं, चिमणी मात्र नळीनं धूर बाहेर टाकणारीच हवी म्हणाली. कपाटांना पाण्यात न फुगणारं मरीन प्लायवूड. तयार सांगाडे कापावे लागतात म्हणून दुकानदारानं जादा पैसे घेतले. मुलगा कुरकुरला, ‘‘अब्बा, मला तिथं काम करायचं तर वाकावं लागेल.’’ त्याची आई म्हणाली, ‘‘वाक की. तू काम कर, मग उंचीचं बघू.’’

नवं स्वयंपाकघर करणार असाल, तर रंग आणि यंत्रं मागाहून निवडा. आधी तिथं रोज राबणाऱ्या माणसाला उभं करा आणि त्याचं कोपर मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. अम्मीसाठी मी ते केलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)