दिघीची खाडी, मधली हवा आणि दिव्याची भाषा

#थ्रेड

१/ दिघी हे राजपुरी खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर वसलेले गाव. हिवाळ्यातील निरभ्र सकाळी येथून जंजिऱ्याचे बुरूज स्पष्ट दिसतात. आषाढात सरीमागून सर आली की तोच किल्ला पुरता नाहीसा होतो. अंतर तेच असते. बदलते ती मधली हवा. प्रकाशाच्या साहाय्याने निरोप धाडू पाहणाऱ्या प्रत्येकाला याच मधल्या हवेशी झगडावे लागले आहे.

२/ गडागडांवर जाळ पेटवून वार्ता पोहोचवल्याच्या कथा कोकणात आवडीने सांगितल्या जातात. परंतु जाळ फक्त आधी ठरलेली एकच गोष्ट सांगू शकतो. शत्रूची गलबते किती आणि कोणत्या दिशेने आली, हे त्याला सांगता येत नाही. (पावसाळ्यात ओले सरपण कसे पेटणार, याचा विचार तर या कथांत क्वचितच आढळतो.)

३/ पावसाळा म्हणजे दृष्टीचा शत्रू, हेही अर्धेच खरे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील अधिकाऱ्यांचा अनुभव उलटा होता. उन्हाळ्यात धूळ आणि तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवा यांमुळे दूरची खूण नाचू लागे. दोन सरींच्या मधल्या काळात मात्र धुऊन निघालेल्या हवेतून कोसच्या कोस दिसे. म्हणूनच १८१९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्टची तुकडी ऐन पावसाळ्यात कृष्णा-गोदावरीमधील जंगलांत शिरली. स्वच्छ हवेची किंमत तिने हिवतापाने मोजली. माणसे दगावली आणि खुद्द एव्हरेस्ट आजारी पडला. पुढे त्याने दिवसा सूर्यकिरण परावर्तित करणारे आरसे आणि रात्री दिवे यांवर भर दिला.

४/ आरशाला भाषा मिळाली ती १८६९ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत. पर्शियन आखाताच्या तारखात्यातील हेन्री मॅन्स याने हेलिओग्राफ घडवला. कळ दाबली की आरसा किंचित कलतो, दूरच्या माणसाला उन्हाची तिरीप दिसते, आणि तिच्या लांब-आखूड लुकलुकण्यातून मोर्सची अक्षरे उमटतात. १८७८-८० च्या अफगाण युद्धात तो भरपूर वापरला गेला. सूर्यबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश असल्याने १० किलोमीटरवर ही तिरीप जेमतेम ९० मीटर रुंद होते. त्या पट्ट्याबाहेरच्या शत्रूला ती दिसतही नाही. मात्र एक ढग आडवा आला की यंत्र मुके. वायव्य सरहद्दीच्या कोरड्या डोंगरांत जे उत्तम चालले, ते जुलैतल्या कोकणात अडगळच ठरले असते.

५/ १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलने तर सूर्यकिरणावरून मानवी आवाजच २१३ मीटर दूर पोहोचवला. दूरध्वनीपेक्षाही या शोधाचा त्याला अधिक अभिमान होता. ढगांपुढे तोही हरला.

६/ मग सूर्याऐवजी प्रखर दिवा वापरावा, असे कोणीही म्हणेल. मुंबईच्या दक्षिणेस खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. दीपगृहांचे हे गणित एमिल आलार या फ्रेंच अभियंत्याने १८७६ मध्ये मांडले आणि ते निराशाजनक आहे. सामान्य स्वच्छ हवेत २० सागरी मैलांवरून दिसणारा दिवा घ्या. दृश्यमानता २ सागरी मैलांवर आली, तर तोच दिवा पावणेसहा मैलांपलीकडे दिसत नाही. आता त्याचा प्रकाश दुप्पट करा: पल्ला वाढतो तो पाऊण किलोमीटरही नाही! अंतरागणिक धुके प्रकाशाचा ठरावीक हिस्सा गिळत जाते. त्यापुढे तेल किंवा वीज ओतून फारसे काही साधत नाही.

७/ हा प्रश्न केवळ कागदावरचा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई अवघ्या काही मैलांवर, वेळ दिवसाची. तरीही किनाऱ्याला कित्येक तास काहीच कळले नाही. अशा हवेत दिव्याचा वा निशाणाचा इशारा कोणाच्या दृष्टीस पडला असता, असे मानणे कठीण आहे.

८/ आज हेच काम कॅमेऱ्याकडे सोपवले जात आहे. एलईडी दिवे वेगाने लुकलुकतात आणि कॅमेरा ते वाचतो. २०१८ च्या आयईईई ८०२.१५.७ मानकात या पद्धतीचा समावेश आहे. साधा प्रकाशसंवेदक ऊन आणि दिवा एकत्रच मोजतो. कॅमेरा मात्र मॅन्सच्या दुर्बिणधारी सैनिकासारखा दिवा नेमका कुठे आहे ते पाहतो आणि उरलेले ऊन बाजूला ठेवतो.

९/ समजा, दिघीच्या धक्क्यावरून पलीकडच्या तीरावरचे दिवे असे वाचायचे आहेत. जोरदार पावसापेक्षा दाट धुके अधिक घातक ठरेल. पावसाचे थेंब मोठे पण विरळ असतात. धुक्याचे कण सूक्ष्म आणि असंख्य, त्यामुळे ते प्रकाश चहूकडे विखुरतात. मग शेजारशेजारच्या दिव्यांभोवती वलये धरतात आणि दोन दिवे एक होऊन जातात. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या हवेमुळे प्रतिमा थरथरते. यावरचे उपाय ओळखीचे आहेत: दिव्यांत अंतर ठेवा, सावकाश बोला, तोच निरोप पुन्हा पाठवा. हेलिओग्राफवाले सैनिकही हेच करत.

१०/ आणि खारे तुषार? दीपगृहाच्या काचांवर जमणारे मीठ पुसणे हे दीपपालाच्या नेमाच्या कामांपैकी एक होते. समुद्रकाठी बसवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावरही तेच मीठ जमते, आणि ते अजूनही कोणाला तरी फडक्यानेच पुसावे लागते.