‘पामीर’ जहाजाची चौकशी

उत्तर जर्मनींतील ल्यूबेक या जुन्या बंदरांत १९५८ सालच्या जानेवारींत सागरी अपघातांची चौकशी करणारें न्यायमंडळ बसलें. एका बुडालेल्या जहाजाविषयीं त्याला निर्णय द्यावयाचा होता, आणि त्या जहाजावरील ८६ जणांपैकीं साक्षीसाठीं अवघे सहा उरले होते. या सहांत कप्तान नव्हता, कोणी अधिकारीहि नव्हता. चौघे साधे नोकर-खलाशी, दोघे शिकाऊ मुलगे; त्या चौघांपैकीं एक तर जहाजावरचा भटारी. शिडें केव्हां कमी केलीं, माल कसा रचला, वादळाची वर्दी मिळाली होती कीं नाहीं, हें ज्यांना नक्की ठाऊक होतें ते अटलांटिक महासागराच्या तळाशीं गेले होते.

तें जहाज ‘पामीर’. हॅम्बुर्गच्या प्रसिद्ध गोदींत १९०५ सालीं बांधलेलें, पोलादी अंगाचें, चार डोलकाठ्यांचें. चिलीहून सोरा आणण्याच्या कामांत त्याची उमेदीचीं वर्षें गेलीं. पुढें तें फिनलंडमधील मालकाकडे गेलें, दुसऱ्या महायुद्धांत न्यूझीलंडनें जप्त केलें, आणि युद्धानंतर परत मिळाल्यावर १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतून धान्याचीं पोतीं घेऊन केप हॉर्नच्या वळणानें तें युरोपांत आलें. व्यापारी माल लादून केवळ शिडांच्या बळावर तें टोक ओलांडणारें हें शेवटचें जहाज. १९५१ सालीं तें मोडीत निघावयाचें, तें थोडक्यांत वांचलें. आणि कांहीं वर्षांनीं अनेक जर्मन जहाजमालकांनीं मिळून ‘पामीर’ व त्याच्या जोडीचें ‘पासाट’ हीं दोन्ही चालवावयास घेतलीं. तरुण मुलांना शिडांवर दर्यावर्दीपणा शिकवावयाचा आणि त्याच फेरींत धान्य आणून खर्च भागवावयाचा, अशी योजना होती. एकाच जहाजानें शाळाहि चालवावी आणि बैलासारखा मालहि ओढावा, ही अपेक्षा मुळांतच अवघड होती.

ऑगस्ट १९५७ मध्यें ‘पामीर’ ब्वेनोस आयरेसहून हॅम्बुर्गकडे निघालें. नेहमींचे कप्तान हेर्मान एगर्स आजारी असल्यामुळें या फेरीला योहानेस डिबिट्श कप्तान होते. माणसांपैकीं निम्म्याहून अधिक शिकाऊ मुलगे होते. २१ सप्टेंबरच्या सकाळीं ‘कॅरी’ नांवाच्या चक्री वादळानें एकाएकीं दिशा बदलली आणि अझोर बेटांपासून सुमारें ६०० समुद्री मैलांवर जहाजाला गांठलें. शिडें गेलीं, जहाज डावीकडे कलूं लागलें, बिनतारी यंत्रावरून मदतीचे संदेश सुटले. डाव्या बाजूच्या होड्या पाण्याखालीं आणि उजव्या बाजूच्या हवेंत, त्यामुळें एकहि होडी धडपणें उतरवितां आली नाहीं. दुपारीं एकच्या सुमारास जहाज उलटलें व अर्ध्या तासानें बुडालें. तेरा देशांचीं ७८ जहाजें शोधाला लागलीं. २३ तारखेला ‘सॅक्सन’ या अमेरिकन जहाजाला एका होडींत पांच जण सांपडले. दुसरे दिवशीं दुसऱ्या होडींत एकच. त्याचे सोबती एकामागून एक गेले होते.

वादळावर सर्व दोष टाकून मंडळाला मोकळें होतां आलें असतें. परंतु अर्धशतकभर याहून भयंकर समुद्र पाहिलेलें जहाज याच वेळीं कां उलटलें, हा प्रश्न उरतच होता. त्याचें उत्तर मंडळाला जहाजाच्या पोटांत मिळालें. त्यांत सुमारें ३,७८० टन जव होते. जुन्या शिडांच्या जहाजांवर धान्य पोत्यांतून येई. येथें पोत्यांत भरलेले जव सुमारें २५५ टन, म्हणजे अवघा पंधरावा हिस्सा. तीं पोतीं वर दाबणीला ठेविलीं होतीं आणि खालीं सारें धान्य सुटें. सुपांत धान्य घेऊन सूप कलतें करावें, म्हणजे दाणे एका बाजूस घसरतात. सूप पुन्हा सरळ धरलें तरी ते आपण होऊन मागें येत नाहींत. जहाजाचेंहि तेंच. त्यांत जवाचा दाणा गुळगुळीत. शिवाय गोदी कामगारांच्या तंट्यामुळें धान्य पसरून घट्ट बसविण्याचें काम जहाजावरच्याच अननुभवी माणसांनीं केलें होतें. आणि तोल सांभाळण्यासाठीं ज्या टांकींत समुद्राचें पाणी घ्यावयाचें, तिच्यांतहि जवच भरले होते.

मंडळानें निर्णय दिला तो असा: जव घसरले, शिडें वेळेवर पुरेशीं कमी केलीं नव्हतीं, वरच्या भागांतील दारें व झरोके बंद न केल्यामुळें पाणी आंत शिरलें, आणि जहाज कलल्यावर ती टांकी पाण्यानें भरण्याचा हुकूम कप्तानानें दिला नाहीं. बिनतारी यंत्र सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे जहाजाची कारकुनीहि होती. वादळाच्या सूचना त्यामुळें निसटल्या असाव्यात, असाहि तर्क झाला.

अर्थात् दोषाचा मोठा वांटा डिबिट्श यांच्या माथीं आला, आणि आपली बाजू मांडावयास ते हयात नव्हते. निर्णय पुराव्यास धरून होता हें खरें. पण जव सुटे भरण्याची रीत कांहीं त्यांची एकट्याची नव्हती. मंडळ बसण्यापूर्वीं दोनच महिने, नोव्हेंबर १९५७ मध्यें, ‘पासाट’हि सुटे जव घेऊन येत असतां वादळांत सांपडलें, माल घसरला, जहाज कललें आणि कसेंबसें लिस्बन बंदर गांठून वांचलें. त्या फेरीवर कप्तान दुसरे होते.

‘पासाट’ला पुन्हा मालवाहतुकीस पाठविण्यांत आलें नाहीं. ल्यूबेक शहरानें तें १९५९ सालीं विकत घेतलें आणि ट्राव्हेम्युंड येथें नांगरून ठेविलें. ‘पामीर’ची एक फुटकी होडी समुद्रांतून हातीं आली, ती ल्यूबेकच्या सेंट याकोब चर्चमध्यें ठेविली आहे.