‘फेलन’ म्हणजे नेमका कोण?

अमेरिकी वृत्तपत्रांतील ‘फेलन’ हा शब्द मराठी बातमीत येताना बहुधा नुसता ‘गुन्हेगार’ होतो. हे भाषांतर तोकडे आहे. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यानुसार ज्या अपराधाला एक वर्षाहून अधिक कारावास होऊ शकतो, तो ‘फेलनी’. त्यात दोषी ठरलेली व्यक्ती ‘फेलन’. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली हे येथे गौण असते. कायद्याने कमाल किती ठेवली आहे, ते पाहिले जाते. त्याखालच्या अपराधांना ‘मिस्डिमीनर’ म्हणतात. राज्यागणिक परिभाषा बदलते. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेले न्यू जर्सी तर अशा अपराधांना ‘इंडायटेबल क्राइम’ म्हणते.

इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. तेथे त्याचा अर्थ दुष्ट, विश्वासघातकी असा होता. त्यामागच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. काही अभ्यासक तो ‘पित्त’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात. कडू मनाचा माणूस तो फेलन, ही कल्पना आकर्षक खरी, पण तिला सर्वमान्यता नाही.

कायद्यातील अर्थ घडला तो सरंजामशाहीत. मांडलिकाने धन्याशी इमान मोडले की त्याची जमीन धन्याकडे परत जाई. वतनजप्तीच्या कथा ऐकलेल्या मराठी वाचकाला हे सहज उमगेल. पुढे खून, दरोडा, जाळपोळ यांसारखे अपराधही याच सदरात आले. अठराव्या शतकातील विधिज्ञ ब्लॅकस्टोन यांनी फेलनीची व्याख्या मालमत्तेच्या जप्तीवरूनच केली. देहदंड बहुधा जोडीला असेच. ही जप्ती इंग्लंडने 1870 साली रद्द केली आणि 1967 मध्ये फेलनी व मिस्डिमीनर हा भेदच काढून टाकला.

अमेरिकेने मात्र शब्द जपला. फेलनच्या हातून आज जमीन जात नाही. बंदूक बाळगण्याचा हक्क जातो, आणि बहुतेक राज्यांत निदान तुरुंगवासापुरता मताधिकारही. मेन आणि व्हरमाँट येथे कैदीही मतदान करतात.

परदेशस्थ नागरिकासाठी खरा धोका ‘अॅग्रव्हेटेड फेलनी’ या संज्ञेत आहे. 1988 साली ती आली तेव्हा खून आणि अमली पदार्थ वा शस्त्रांचा व्यापार एवढ्यापुरती होती. 1996 मध्ये तिची व्याप्ती फार वाढली. आता चोरीच्या अपराधाला एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली, तर ती पूर्ण स्थगित असली तरी चालते. राज्याच्या दृष्टीने निव्वळ मिस्डिमीनर असलेला अपराधही त्यामुळे ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढण्यास पुरेसा ठरू शकतो. नाव इतके फसवे असावे, हे कायद्याला शोभत नाही. ‘पडिला विरुद्ध केंटकी’ या 2010 च्या खटल्यातील आरोपी चाळीस वर्षांहून अधिक काळ कायदेशीर रहिवासी होता. काळजी नको, असे वकिलाने सांगितल्यावरून त्याने गुन्हा कबूल केला होता. परदेशस्थ अशिलाला हद्दपारीच्या धोक्याची कल्पना देणे हे वकिलाचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले.

भारतातील 1860 च्या दंड संहितेने फेलनी ही वर्गवारी स्वीकारली नाही. ‘दखलपात्र’ हा तिचा पर्याय नव्हे. तो शब्द पोलिसांना वॉरंटविना अटक करता येते का, एवढेच सांगतो. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जातही प्रश्न फेलनीपुरता मर्यादित नाही. कधीही, कोणत्याही कारणाने अटक झाली होती का, असे तेथे विचारले जाते.