खेळण्याच्या पोटावरची अक्षरे

आमच्या कळंब्याच्या घरात माडीवर एक काचेचे कपाट आहे. मी शिक्षक, त्यातून दोनचार कादंबऱ्या माझ्या नावावर. तेव्हा कपाटात पुस्तके असणार असे समजून पाहुणा जवळ जातो आणि थबकतो. आत पत्र्याच्या मोटारी आहेत, किल्ली दिली की उड्या मारणारे एक माकड आहे, सावंतवाडीची लाकडी केळी आणि सीताफळे आहेत, वीतभरही उंची नसलेले प्लॅस्टिकचे सैनिक आहेत. "मुलांची वाटतं?" असे पाहुणा विचारतो. माझीच, असे सांगितले की तो विषय बदलतो.

या नादाची एक खूण सांगतो. खेळणे हाती आले की मूल ते जमिनीवर ठेवते आणि संग्राहक ते उलटे करतो. त्याला आधी पोट पाहायचे असते. तिथे चाकांच्या मध्ये बारीक अक्षरांत देशाचे नाव असते आणि त्यावरून खेळण्याचे वय ताडता येते. ही अक्षरे कारखानदारांनी हौसेने घातलेली नव्हेत. ती कायद्याने घालायला लावली. १८८७ साली इंग्लंडने व्यापारी चिन्हांचा कायदा केला. जर्मनीचा स्वस्त माल इंग्रजी म्हणून खपू नये, गिऱ्हाइकाला तो परका आहे हे कळावे, हा त्याचा हेतू. दोनच वर्षांनी, १८८९ साली, हिंदुस्थानातही त्याच धर्तीचा कायदा आला. १८९० साली अमेरिकेने मॅकिन्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा जकातीचा कायदा करून परदेशी मालावर जबर कर बसवले आणि मालावर मूळ देशाचे नाव हवेच असा दंडक घातला. (जर्मनांनी 'मेड इन जर्मनी' हा डाग पुढे बिरुदासारखा मिरवला, ती गंमत निराळी.) तेव्हापासून जगातला खेळणीवेडा जकातवाल्याच्या नावाने बोटे मोडतो आणि जकातवाल्यानेच लिहायला लावलेल्या अक्षरांवर आपला इतिहास उभारतो. मीही त्यांतलाच एक.

माझ्याजवळची सर्वांत जुनी वस्तू म्हणजे आजोबांनी वडिलांसाठी आणलेली लाल पत्र्याची मोटार. तिच्या पोटावर 'मेड इन जपान' एवढेच आहे. महायुद्धात हरल्यावर जपान अमेरिकनांच्या ताब्यात होता, आणि १९४७ पासून पुढे बाहेर पाठवलेल्या कितीतरी जपानी वस्तूंवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असे छापलेले सापडते. १९५२ च्या एप्रिलमध्ये तो ताबा संपला आणि मधला शब्द गळला. माझ्या मोटारीवर तो शब्द नाही. तेव्हा ती बहुधा युद्धाआधीची किंवा १९५२ नंतरची. आजी सांगत असे की मोटार दुकानातून कोरी घेतलेली, गोव्याहून आणलेली, आणि "वाट बंद व्हायच्या आधी" आणलेली. गोव्याची वाट बंद झाली ती १९५५ साली, सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर. म्हणजे मधल्या तीन वर्षांच्या फटीतून ही मोटार पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला आली असली पाहिजे.

कोल्हापूरच्या माणसाने जपानी मोटार गोव्यात का घ्यावी? याचे उत्तर शोधू लागलो तर माणूस थेट शिवकाळात जाऊन पोहोचतो. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावाला, मिठाच्या जकातीविषयी एक पत्र पाठवले होते. पोर्तुगिजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि आपल्या संगमेश्वराकडचे मीठ पडून राहते. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, की ते आपल्या मिठाहून स्वस्त पडू नये, असा त्या पत्राचा आशय आहे. अर्थशास्त्राची पुस्तके ज्याला संरक्षक जकात म्हणतात ती आमच्या घाटाखाली साडेतीनशे वर्षांपूर्वी अशी बसली. मी मुलांना हे पत्र शिकवतो तेव्हा ती विचारतात, "मग मीठ खाणाऱ्याचं काय?" प्रश्न वाईट नाही.

पुढे हीच रेघ एकदा पुसलीही गेली. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि १८८० पासून बारा वर्षे दोन्ही मुलखांमधली जकातीची नाकी उठली. त्याच्या बदल्यात गोव्याचे मीठ मात्र इंग्रजांच्या मुठीत गेले. १८९२ साली तहाची मुदत संपली आणि नाकी पुन्हा बसली. एरवी इंग्रजी अमदानीत परदेशी खेळणे महाग पडावे अशी सरकारची इच्छा नव्हती. १८८२ साली बहुतेक आयात-जकाती रद्द झाल्या होत्या. १८९४ साली तिजोरीला ओढ लागली तेव्हा सरसकट शेकडा पाच बसल्या. न्यूरेंबर्गकडची पत्र्याची खेळणी मुंबईच्या बंदरात उतरत. पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबला आणि ती जागा जपानने घेतली.

स्वातंत्र्य आले त्याच वर्षी आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा झाला. त्यानंतर जकात किती हा प्रश्न मागे पडला आणि परवाना आहे का हा प्रश्न पुढे आला. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा चैनीच्या वस्तूंना दार जवळजवळ बंदच झाले. यात सरकारला दोष देण्याची माझी तयारी नाही. कोयनेच्या धरणाची यंत्रे आणावीत की उड्या मारणारे माकड, असा प्रश्न पडला तर माकडाने थांबलेच पाहिजे. पण पोर्तुगिजांच्या गोव्याला धरणे बांधायची नव्हती. पणजी-मडगावच्या दुकानांत घड्याळे, फाउंटनपेने, अत्तरे, साबण आणि खेळणी उघड मांडलेली असत, आणि हद्दीच्या अलीकडच्या माणसांना त्यांचा वास लागलेला असे.

आजोबा शेजाऱ्यांच्या सोबतीने मंगेशीला गेले होते. येताना त्यांनी ही मोटार आमसुलांच्या पिशवीत आणली. नाक्यावर जकात भरली की नाही, याविषयी आमच्या घरात दोन पाठ आहेत. आजोबा म्हणत भरली. आजी काही म्हणत नसे, नुसती हसे. मोटारीच्या उजव्या दाराशी अजून एक काळपट डाग आहे. तो आमसुलांचा असे मी मानतो आणि तो पुसत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पेठेत साखर वाटली गेली असे आजी सांगे. त्या दिवशी खेळण्यांची एक खिडकीही मिटली, हे कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

यानंतरची तीस-चाळीस वर्षे परदेशी खेळणे म्हणजे कोणाचा तरी काका आखातातून किंवा बोटीवरून आला तरच. दिल्लीला १९६५ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी बाहुल्यांचे संग्रहालय उघडले. त्याची सुरुवात हंगेरीच्या वकिलाने दिलेल्या एका बाहुलीपासून झाली. ज्यांच्या ओळखीचा कोणी वकील नव्हता त्यांनी काचेबाहेरून पाहावे. परदेशी कारखानदारांनी मात्र या बंद दारावर तोड काढली. खेळणे आत जात नाही ना? मग साचा आत पाठवावा. ब्लो प्लास्टने 'लिओ' या नावाखाली अमेरिकेच्या मॅटेल कंपनीशी जोडणी करून बार्बी आणि हॉट व्हील्सच्या मोटारी इथे काढल्या. १९८७ साली टायरवाल्या एम.आर.एफ.ने हॅस्ब्रो या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या साथीने फनस्कूल काढली, आणि तिचा कारखाना उभा राहिला गोव्यात. जी. आय. ज्यो नावाचे बोटभर सैनिक इथल्या प्लॅस्टिकात उतरू लागले.

या सैनिकांचे पुढे जे झाले ते कोणत्याही जकातवाल्याच्या स्वप्नात आले नसेल. साचा अमेरिकेचा खरा, पण रंग इथले. तिकडे जो गडी हिरव्या गणवेशात तो इकडे कधी भलत्याच भडक रंगात निघे. एकाचे हात दुसऱ्याच्या धडाला लागलेलेही सापडतात. आमच्या मुलांनी ते मातीत लोळवले, मोडले, हरवले. आणि अमेरिकेतल्या प्रौढ संग्राहकांना जेव्हा कळले की आपल्याच सैनिकांचे असे एक चुलत घराणे हिंदुस्थानात आहे, तेव्हा ते डॉलर मोजून हे बेढब रंगाचे गडी जमवू लागले. लिओच्या मोटारींचेही तेच झाले. दार बंद होते म्हणून ही खेळणी जन्मली, आणि दाराबाहेरच दुर्मिळ ठरली.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा महाद्वार रोडवर एका दुकानात हा सैनिक पुठ्ठ्याला लावून टांगलेला पाहिला. वडिलांनी पुठ्ठा उलटा करून किंमत वाचली, तो होता तसा परत टांगला आणि मला खासबागेजवळ नेऊन भेळ खाऊ घातली. भेळ तिखट होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा खुलासा कोणाला करावा लागला नाही.

२००१ च्या एप्रिलपर्यंत जागतिक व्यापार संघटनेतला वाद हरून आपल्या सरकारला उरलेल्या वस्तूंवरची परिमाणबंधने उठवावी लागली. मग चिनी खेळण्यांचा लोंढा आला. आमच्या कळंब्याच्या जत्रेतसुद्धा मातीचे बैल मागे सरले आणि शिट्ट्या मारणारी प्लॅस्टिकची पाखरे पुढे आली. २००९ च्या जानेवारीत चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी घातली गेली आणि मार्चमध्येच ती सैल झाली. खरा तडाखा २०२० चा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात-जकात शेकडा २० वरून ६० झाली, २०२३ साली ७० झाली. हजार रुपयांच्या खेळण्यावर दोनशे रुपये पडत ते सातशे झाले, आणि या बेरजेवर पुन्हा वस्तू-सेवा कर. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१८-१९ साली ३७ कोटी १० लाख डॉलरची खेळणी देशात आली होती. २०२१-२२ साली ११ कोटींची आली.

जकातीच्या कोष्टकात खेळण्यांचा क्रमांक ९५०३. बाळाचा खुळखुळा आणि पन्नाशीच्या माणसाने काचेत ठेवायला घेतलेली आगगाडीची प्रतिकृती या दोहोंना त्यात एकच ओळ आहे. कायद्याच्या दृष्टीने आम्ही मोठे झालेलोच नाही! खेळण्याला या ओळीतून सुटायचे तर वय शंभराच्या वर हवे. मग ते ९७०६ मध्ये, पुराणवस्तूंच्या पंगतीला बसते. आजोबांच्या मोटारीला अजून थोडी कळ काढावी लागेल. टपालाने एखादीच वस्तू स्वतःसाठी मागवली तर तिचे कोष्टक निराळे, पण करातून तिचीही सुटका नाही. पूर्वी भेट म्हणून आलेल्या छोट्या पुडक्याला मोकळीक असे. १२ डिसेंबर २०१९ च्या आदेशाने तीही गेली. सवलत उरली ती औषधाला आणि राखीला. राखीसोबतच्या भेटवस्तूला नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. लिहिणारा कारकून बहीणभावंडांचा संसार जाणणारा असावा.

सावंतवाडीच्या चितारआळीत मी वर्षातून एकदा तरी जातो. कुडाळ इथून हाकेच्या अंतरावर. मिठाच्या पत्राची आठवण होतेच. विसाव्या शतकात ही कला मोडकळीला आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७१ साली राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना काढून गंजिफा आणि खेळणी यांना पुन्हा उभे केले. या कारागिरांना २०२० च्या भिंतीचा आधार झाला का? मला तसे दिसले नाही. पांगाऱ्याचे केळे घेणारा प्रवासी चिनी मोटार मिळाली नाही म्हणून ते घेत नाही. उलट त्याच वर्षी प्रत्येक खेळण्यावर मानकाचा शिक्का हवा असा हुकूम निघाला, आणि प्रयोगशाळा नसलेल्या चिताऱ्याने केळ्याची परीक्षा कुठे करून घ्यायची असा घोर लागला. डिसेंबरमध्ये नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून वगळले, ते बरे झाले. जकातीचा फायदा झाला असेल तर तो प्लॅस्टिकच्या कारखान्यांना. तोही इथल्याच माणसांच्या पोटात जातो, म्हणून मी कुरकुर करीत नाही. निदान शाळेत तरी करीत नाही.

घरी मात्र केली. मध्यंतरी अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडे मला महाद्वार रोडवरचा तो सैनिक सापडला. तसाच, पुठ्ठ्यासकट. पैसे पाठवले. पुडके महिनाभराने आले आणि त्याबरोबर जकातीची पावती आली. मी पोस्टमनला म्हटले, "अहो, हा गोव्यात झालेला आहे. आमचाच आहे." तो बिचारा काय बोलणार? पुढे मी कायदाच काढून पाहिला. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे विसावे कलम सांगते की देशाबाहेर गेलेला माल परत आला तर, मोजके अपवाद सोडता, त्यालाही परदेशी मालासारखीच जकात. कलम शहाणपणाचे आहे, नाहीतर उद्या जो तो आपला माल स्वदेशीच असल्याचे सांगेल. मी गप्प बसलो.

पुठ्ठा उलटा केला. पाठीवर रुपयांत छापलेली किंमत अजून वाचता येत होती, आणि मी भरलेली जकात तिच्या कितीतरी पट होती. वडील शेजारी बसले होते. त्यांनी चष्मा लावला, पुठ्ठा डोळ्यांजवळ धरला, पावतीही हातात घेतली, आणि दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा पाहत म्हणाले, "तवाच घ्याय पायजे हुता की रं."