मुद्रणव्यवसायाचे स्थलांतर : गोवे आणि मुंबई

नवे तंत्र ज्या नगरात प्रथम उतरते, त्याच नगरात त्याचा व्यवसाय वाढतो, असा एक समज रूढ आहे. भारतीय मुद्रणाचा इतिहास या समजास पुष्टी देत नाही.

१५५६ साली गोव्यात मुद्रणयंत्र आले. परंतु ते धर्मसंस्थेच्या स्वाधीन राहिले; ग्राहकही तीच आणि चालकही तीच. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही रोमन लिपीत. देवनागरीस जोडाक्षरांमुळे शेकडो निरनिराळे खिळे लागतात. ते कोरणारा कारागीरवर्ग तेथे निर्माण झाला नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मुद्रण थंडावले आणि १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झाले नाही.

मग मुंबईच्या भूमीतच काही विशेष गुण होता काय? तसेही म्हणता येत नाही. भीमजी पारख यांच्या विनंतीवरून १६७४ साली हेन्री हिल्स हा मुद्रक इंग्लंडहून आला. तो खिळे ओतणारा नव्हता. पारखांच्या माणसांनी स्वतः ठसे ओतून पाहिले; तथापि व्यवसाय उभा राहिला नाही. नगर तेच, बंदर तेच. परिणाम मात्र शून्य.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. अमेरिकन मिशनने १८१६ च्या सुमारास मुंबईत मुद्रण सुरू केले. तेथे टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांत सुधारणा केली. मिशनचे मुद्रण पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाछापखाना काढला व १८३१ मध्ये पंचांग छापले. मिशनच्या छापखान्यात बालपणी खिळे घासणाऱ्या जावजी दादाजींनी १८६४ साली ओतशाळा आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना स्थापन केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल अक्षरकार त्यांना लाभला होता. याच काळात शालेय पुस्तके, वृत्तपत्रे, पंचांगे व पोथ्या अशी बहुविध मागणी वाढत होती.

यावरून असे दिसते की, यंत्राचे आगमन हे व्यवसायाच्या उदयाचे आवश्यक कारण असले, तरी पुरेसे कारण नव्हे. एका छापखान्यात शिकलेला कारागीर तेथून बाहेर पडून स्वतःचे दुकान मांडू शकतो काय, आणि त्यास एकाहून अधिक गिऱ्हाइके मिळतात काय, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. गोव्यात दोहोंचे उत्तर नकारार्थी होते. १६७४ च्या मुंबईतही तसेच होते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत मिशनने धर्मप्रसारासाठी रुजविलेली विद्या पंचांगे आणि संस्कृत ग्रंथ छापण्याच्या कामी आली. ज्या संस्थेने तंत्र आणले, तिच्या हेतूबाहेर ते तंत्र जाऊ शकले, म्हणूनच तो व्यवसाय झाला.