उन्हाळी भाजीपाला : आधी विहिरीचा हिशेब, मग बियाणे

संक्रांत उलटली की भाजीपाला उत्पादकांच्या हालचालींना वेग येतो. रब्बी कांद्याची लागवड बहुतांशी आटोपलेली असते, हरभरा घाट्यांवर असतो आणि खरिपाच्या पिकांनी रिकाम्या केलेल्या रानात काय घ्यावे, याचा विचार घरोघरी सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत भाज्यांची आवक घटते, त्यातच लग्नसराई असते, त्यामुळे दर बरा मिळण्याची आशा असते. तथापि, भाजीपाला उत्पादकाची सर्वाधिक फसगत याच हंगामात होते. जानेवारीत भरलेली दिसणारी विहीर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तळ गाठते. बियाणे, खते, आच्छादनाचा कागद, बांबू-तार आणि मजुरी असा सारा खर्च होऊन गेलेला असतो, पीक तोडणीला आलेले असते आणि पाणी संपते. दर चढलेला असूनही हाती काही लागत नाही.

या फसगतीचे मूळ लागवडीच्या दिवशीच पडलेले असते. उन्हाळी भाजीपाल्याचे वेळापत्रक मागून पुढे मांडावे लागते. पाणी कोणत्या तारखेपर्यंत पुरेल, हे आधी ठरवून त्यावरून पीक, क्षेत्र आणि पेरणीचा दिवस निश्चित करणे हितावह असते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बियाणे आधी खरेदी होते आणि पाण्याचा विचार नंतर होतो.

पाण्याचा हिशेब

हा हिशेब अवघड नाही. एक एकर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे ४ हजार लिटर पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण वाढलेल्या भाजीपाल्याची गरज कोरड्या हवामानाच्या भागात दररोज ६ मिलिमीटरच्या आसपास धरावी. म्हणजे एकरी २४ हजार लिटर पाणी मुळांपर्यंत पोहोचले पाहिजे. सरी-वरंब्याला दिलेल्या पाण्यापैकी साधारण ६० टक्केच पिकाच्या कामी येते, असे धरले तर रोज ४० हजार लिटर उपसावे लागतील. ठिबक सिंचनाची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास तेच काम २७ हजार लिटरमध्ये होते.

आता विहिरीकडे वळावे. २०० लिटरचा पिंप पंपाच्या धारेखाली ठेवून तो किती सेकंदांत भरतो, ते पाहावे. ४० सेकंदांत भरला, तर पंप तासाला १८ हजार लिटर पाणी देतो. गेल्या दोन-तीन वर्षांचा मे महिना आठवावा. विहीर दिवसाला दोन तासच चालत असेल, तर रोजचे पाणी ३६ हजार लिटर झाले. एवढ्या पाण्यावर सरी पद्धतीने एक एकरही पुरते भिजत नाही, ठिबकवर सव्वा एकर भिजते. जनावरांचे पाणी, आधीच उभा असलेला ऊस किंवा फळबाग असेल, तर ते यातून वजा करावे. जानेवारीत पंप आठ तास चालतो म्हणून तीन एकरांची आखणी करणारा शेतकरी मे महिन्यात कोठे अडकतो, ते या आकडेमोडीवरून लक्षात येईल.

त्यानंतर पिकाचे दिवस मोजावेत. भेंडीची पहिली तोडणी पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी येते आणि पुढे दीड-दोन महिने तोडे चालतात. काकडी ४० ते ४५ दिवसांत सुरू होऊन महिनाभरात आटोपते. गवार साधारण ५० ते ६० दिवसांत तोडणीस येते. टोमॅटोला पुनर्लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत ६० ते ७० दिवस लागतात. एप्रिलअखेर पाणी संपणाऱ्या विहिरीवर फेब्रुवारीत टोमॅटो लावणे म्हणजे पहिल्या दोन-तीन तोड्यांसाठी संपूर्ण खर्च करण्यासारखे आहे. अशा ठिकाणी काकडी, कोथिंबीर, मेथी किंवा थोड्या क्षेत्रावर गवार एवढ्यावर समाधान मानावे.

थंडी अडवते, ऊन थांबत नाही

मग सर्वच पेरण्या लवकर का करू नयेत, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर रात्रीच्या तापमानात आहे. भेंडीच्या बियांची उगवण २० अंश सेल्सिअसखालील तापमानात नीट होत नाही. टणक कवचाचे बी थंड व ओल्या मातीत पडून राहते आणि कुजते. काकडी, कारली, दोडका, दुधी भोपळा यांचीही तीच तऱ्हा. निफाड परिसरात जानेवारीत किमान तापमान एक अंकी होते. तेथे संक्रांतीलाच टोकलेली भेंडी विरळ उगवते आणि नांग्या भरता भरता लवकर पेरल्याचा फायदा निघून जातो. महाशिवरात्रीला थंडी सरते, असे गावोगावी म्हटले जाते, पण तेवढे थांबणेही परवडणारे नसते. ४२ अंशांच्या पुढे भेंडीची फुले गळू लागतात. पेरणी मार्चमध्ये गेली, तर ऐन फुलोरा त्याच उन्हात सापडतो.

म्हणूनच उन्हाळी भेंडीसाठी जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर असा अवधी सांगितला जातो. त्यातही थंड भागात दिवस थोडे पुढे आणि उबदार भागात अलीकडे घ्यावेत. बी पेरणीपूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावे. वेलभाज्यांचे बी भिजवून ओल्या गोणपाटात एक-दोन दिवस उबेच्या ठिकाणी ठेवले आणि मोड दिसू लागताच टोकले, तर थंडीतील काही दिवस वाचतात. उन्हाळ्यात झाडाची वाढ कमी होत असल्याने भेंडीचे अंतर खरिपापेक्षा जवळ ठेवतात आणि बियाणेही अधिक लागते, हेक्टरी सुमारे १० ते १२ किलो.

वाण निवडताना हळद्या अर्थात केवडा रोगाचा विचार प्रथम करावा. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूमुळे पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि फळेही पिवळट होतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ आणि बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का अनामिका’ हे वाण या रोगाला प्रतिकारक म्हणून प्रसृत झाले आणि वर्षानुवर्षे चालले. मात्र ही प्रतिकारशक्ती कालांतराने क्षीण झाली असून, केवळ वाणाच्या नावावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. रोगट झाड दिसताच उपटून जाळणे, हा जुना उपाय आजही तितकाच उपयुक्त आहे.

रोपवाटिकेतच निम्मे यश

टोमॅटो, मिरची व वांगी ही रोपे तयार करून लावण्याची पिके असल्याने त्यांचे गणित महिनाभर आधी सुरू होते. वांग्याचे बी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गादीवाफ्यावर टाकल्यास रोपे फेब्रुवारीत लागवडीस येतात. टोमॅटोची रोपे २५ ते ३० दिवसांत, तर मिरचीची पाच-सहा आठवड्यांत तयार होतात. थंडीत हा कालावधी काहीसा लांबतो. बाहेरच्या रोपवाटिकेतून रोपे घ्यायची असल्यास मागणी वेळेवर नोंदवावी आणि रोपे नेण्यापूर्वी ती ट्रेमध्ये किती दिवसांची आहेत, हे विचारावे. उंच, लुसलुशीत व गर्द हिरवे रोप डोळ्यांना छान दिसते, पण शेतात गेल्यावर तेच आधी मान टाकते. बुटके, जाड खोडाचे आणि चार-पाच पानांचे रोप घेणे चांगले. लागवडीपूर्वी आठवडाभर रोपांचे पाणी हळूहळू कमी केल्यास ती काटक होतात.

रोपे कीटकरोधक जाळीखाली वाढवणे उन्हाळी हंगामात जवळजवळ अनिवार्य आहे. पांढरी माशी, फुलकिडे आणि मावा हे विषाणूंचे वाहक असून, रोपावस्थेत शिरलेला विषाणू पुढे कोणत्याही फवारणीने निघत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात अहमदनगर (आताचा अहिल्यानगर), पुणे व सातारा जिल्ह्यांतील टोमॅटो पट्ट्यात फळे डागाळून आतून कडक होण्याचा प्रकार घडला. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. बंगळूरच्या संस्थेने केलेल्या तपासणीत ‘कुकुंबर मोझॅक’ विषाणूचा प्रादुर्भाव आढळला. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो आणि काकडीवर्गीय पिकांवरही राहतो. तेव्हा टोमॅटोच्या बांधाला लागून काकडी किंवा भोपळा लावणे टाळावे. टोमॅटोच्या लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे कडेने मक्याच्या दोन दाट ओळी पेरल्यास किडींना अटकाव होतो आणि उष्ण वाऱ्याचा झोतही अडतो.

पुनर्लागवड सायंकाळी, ऊन उतरल्यावर करावी. चंदेरी-काळा आच्छादन कागद वापरताना चंदेरी बाजू वर ठेवावी आणि रोपाचे खोड छिद्राच्या कडेला टेकू देऊ नये. तापलेल्या कागदाने कोवळे खोड भाजते. कागदाचा खर्च झेपत नसेल, तर उसाचे पाचटही ओल टिकवते.

टोमॅटोच्या दराबाबत मात्र कोणतेही वेळापत्रक हमी देऊ शकत नाही. २०२३ मध्ये मे महिन्यात नाशिक भागात टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची वेळ उत्पादकांवर आली आणि जुलैमध्ये त्याच टोमॅटोचा किरकोळ दर किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला. मे महिन्यात पीक सोडून दिलेल्यांना त्या दराचा काहीच उपयोग झाला नाही. संपूर्ण क्षेत्र एकाच दिवशी न लावता १५ दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत लावणे, एवढाच काय तो बचाव.

वेलभाज्या, मधमाशा आणि कलिंगड

काकडीवर्गीय वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. तापमान वाढले आणि दिवस मोठा झाला की नर फुलांचे प्रमाण वाढते, त्यामुळे उशिरा लावलेल्या दुधी किंवा कारल्याचे वेल हिरवेगार दिसूनही फळे कमी लागतात. फळधारणा मधमाशांवर अवलंबून असते. काकडी, कारली यांवर त्या सकाळी येतात, तर दोडका व दुधीची फुले सायंकाळी उमलतात. त्यामुळे फुलोऱ्यात फवारणी करणे अगदीच अपरिहार्य असेल, तर त्या त्या पिकाच्या फुलांची वेळ टाळूनच करावी. गंधकाची फवारणी वेलवर्गीय पिकांवर, विशेषतः उन्हाळ्यात, करू नये. पाने करपतात. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे कामगंध सापळे फुले येण्यापूर्वीच लावावेत. किडलेली फळे बांधावर न टाकता खोल पुरावीत.

कलिंगडाचे गणित आणखी वेगळे आहे. त्याची मोठी मागणी रमझानच्या महिन्याशी बांधलेली असते आणि हा महिना दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२० मध्ये तो एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला होता, २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी. संकरित वाणांना ६५ ते ७५ दिवस लागतात. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस लागवड करून रमझानचा बाजार गाठण्याची जुनी पद्धत आता उपयोगाची राहिलेली नाही. तो बाजार गाठायचा तर लागवड डिसेंबरमध्ये किंवा त्याआधी, म्हणजे ऐन थंडीत करावी लागते. त्यासाठी ट्रेमध्ये, उबेत वाढवलेली रोपे आणि सुरुवातीस आच्छादन लागते, हा वाढीव खर्च हिशेबात धरावा. वेलवर्गीय रोपांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या आतच मुळांभोवतीच्या गोळ्यासह त्यांची लागवड करावी.

कोकणात समुद्रसान्निध्यामुळे रात्री फारशा थंड नसतात. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर तेथे वेलभाज्या, कलिंगड व पालेभाज्या बऱ्याच आधी होतात. याउलट विदर्भात पारा ४५ अंशांकडे झुकतो. तेथे शक्यतो एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतांश उत्पादन हाती येईल, अशाच पिकांना प्राधान्य द्यावे. कोथिंबिरीला उन्हाळ्यात चढा दर मिळतो, पण ३६ अंशांवरील तापमानात तिची वाढ खुंटते. शेडनेटची किंवा शेवगा, केळीसारख्या पिकाची विरळ सावली असेल, तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-दोन वाफे पेरत जावे. धने फोडून, भिजवून पेरावेत.

पाणी कमी पडू लागल्यास

सारा हिशेब करूनही एखाद्या वर्षी विहीर एप्रिलमध्येच हात आखडते. अशा वेळी सर्व पिकांना थोडे थोडे पाणी देत राहण्याकडे कल असतो आणि त्यातून सर्वच पिके बिघडतात. काकडीला पाण्याचा ताण बसला की ती कडू होते. टोमॅटोला पाणी अनियमित मिळाले, तर फळे तडकतात आणि बुडाशी काळी पडतात. असा माल बाजारात नेऊन वाहतुकीचे पैसेही सुटत नाहीत. त्यापेक्षा ज्याचे बहुतांश तोडे झाले आहेत, ते क्षेत्र आधी सोडावे. बहुधा ती भेंडी असते. गवार लांब अंतराच्या पाळीवर तग धरते. उरलेले पाणी फळे पोसत असलेल्या वेलींना व टोमॅटोला, पहाटे किंवा सायंकाळी आणि ठरलेल्या दिवशीच द्यावे. सोडलेल्या रानातील भेंडीची झाडे हिरवी असतानाच उपटून टाकावीत, अन्यथा त्यांवरील पांढरी माशी शेजारच्या टोमॅटोवर उतरते.